सहा फूट आवाज

माझ्या आत्याने एका खुन्याला वाचवलं, असं आमच्या घरात त्रेचाळीस वर्षं बोललं जात होतं. पाहुणे आले, चहा झाला, गप्पा रंगल्या की बाबा हमखास म्हणायचे, "आमच्या ताईला कमी समजू नका हं. हिने खुन्याचं नाव कात्रीने उडवलंय." पाहुणे हसायचे. आत्याही हसायची, पण हसता हसता रिकामे कप उचलून आत जायची. ते माझ्याखेरीज कोणाच्या लक्षात यायचं नाही. मी पहिल्यापासून तापट, राग कायम नाकाच्या शेंड्यावर. या एका वाक्यावरून मी बाबांशी किती वेळा भांडले असेन याची गणतीच नाही.

मी कोर्टात लघुलेखिका आहे. माणसं बोलतात ते जसंच्या तसं उतरवून घ्यायचं, हे माझं काम. त्यामुळे "असं म्हणतात बुवा" या शब्दांवर माझा काडीचाही विश्वास नाही. कोण म्हणतं? कधी म्हणालं? तेव्हा तिथे कोण हजर होतं? आत्याची गोष्टही मी त्याच शिस्तीने सांगणार आहे. मध्ये माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

आत्या बाबांपेक्षा बारा वर्षांनी मोठी. आजी लवकर गेली, तेव्हा बाबांना अंघोळ घालण्यापासून हात धरून अक्षरं गिरवून घेण्यापर्यंत सगळं तिनेच केलं. लग्न केलं नाही. का, असं विचारलं तर "राहून गेलं गं" म्हणते, दुकानातून मीठ आणायचं राहावं तसं. एकविसाव्या वर्षी ती सिनेमे वाटणाऱ्या एका कंपनीच्या गोदामात लागली. हुद्दा होता फिल्म तपासनीस. गावोगावच्या थिएटरांतून सिनेमाची रिळं परत आली की ती पुढच्या गावाला जाण्याआधी तपासायची, फाटलं असेल तिथे जोडायचं.

लांब टेबल, त्याच्या दोन टोकांना दोन चाकं. उजव्या हाताने दांडी फिरवायची आणि डाव्या हाताच्या अंगठ्या-बोटाच्या चिमटीतून फिल्मच्या दोन्ही कडा सरकू द्यायच्या. उजव्या हातात सुती मोजा, डावा हात उघडा. कुठे खाच लागली, कड उसवलेली लागली, की बोटाला आधी कळायचं, डोळ्यांना मागून. मग तेवढा तुकडा कापायचा, दोन्ही टोकं खरवडायची, फिल्म चिकटवायचं, नेलपॉलिशसारखा वास येणारं सिमेंट लावून दाबून धरायचं. एका जोडाला फिल्मवरच्या चित्रांच्या दोन चौकटी जायच्या. दुसरे लोक वीत-वीतभर तुकडे कापून टोपलीत फेकायचे. आत्या दोनाच्या वर तिसरी चौकट जाऊ द्यायची नाही. कापलेल्या त्या दोन चौकटी ती कागदाच्या पुडीत घालून, वर सिनेमाचं नाव, रिळाचा नंबर आणि तारीख लिहून एका डब्यात ठेवायची. असं करायला तिला कोणी सांगितलेलं नव्हतं.

तिच्या नजरेची किंमत मला लहानपणी कळली ती अशी. एकदा तिने मला फिल्मचा एक तुकडा खिडकीच्या उजेडात धरून दाखवला. चित्रांच्या कडेने एक पांढरी नागमोडी रेघ खालपर्यंत गेली होती.

"हा आवाज," आत्या म्हणाली.

"कोणाचा?"

"सगळ्यांचा. हे बघ, सरळ आहे तिथे सगळे गप्प. बारीक लाटा आहेत ना, ती बाई बोलतेय. इथे जरा जाड झाल्या, म्हणजे पुरुष. आणि इथे बघ, एकदम रुंद होऊन निमुळती होत गेली. दार आपटलंय कोणीतरी."

"शब्द कळतात?"

"छे गं. शब्द कसले कळतात! पण कोण, केव्हा आणि किती जोरात, एवढं कळतं."

मी तोंड वासून बघत राहिले. वर्गातल्या मुलींना मी सांगितलं की माझी आत्या डोळ्यांनी ऐकते, तर एकीनेही विश्वास ठेवला नाही. त्यातल्या दोघींशी मी अजून नीट बोलत नाही.

आता तो सिनेमा. इंग्रजी, विलायतेहून आलेला आणि तेव्हाही जुनाच. धुक्यातला एक बंगला, त्यात दहा पाहुणे, जेवणाआधी एक खून. मग येतो गुप्तहेर. गुप्तहेरांच्या गोष्टींची टर उडवायची म्हणूनच तो सिनेमा काढला होता, त्यामुळे हा पठ्ठ्या भिंग घेऊन तासभर ज्या पावलांच्या ठशांचा माग काढतो ते त्याचे स्वतःचेच निघतात. बंगल्यातला म्हातारा नोकर तीन वेळा येऊन सांगतो, "साहेब, खून मी केला." हा तिन्ही वेळा त्याला झापतो, "तपासात लुडबुड करू नकोस!" शेवटी तो सगळ्यांना दिवाणखान्यात जमवतो, मिशीला पीळ देतो, बोट वर करतो, "आणि खुनी आहे..." म्हणून तोंड उघडतो, आणि नेमकी तेव्हाच जेवणाची वर्दी देणारी भलीमोठी पितळी घंटा वाजते.

आमच्या गावात हा सिनेमा लागला तेव्हा आत्या चौतीस वर्षांची होती. थिएटर भरभरून वाहत होतं. लोकांना इंग्रजी अर्धंमुर्धं कळायचं, पण हसायला तेवढं पुरत होतं. शेवटी घंटा वाजली, फिल्म जरा खरखरली, आणि अख्खं थिएटर उठून उभं राहिलं. नाव कुठे आहे? खुनी कोण? नाव कापलं! रोज प्रत्येक खेळाला हीच बोंबाबोंब. आठव्या दिवशी थिएटरच्या मालकाने कंपनीला तक्रार पाठवली. सोबत प्रेक्षकांचा अर्ज जोडला होता, खाली बावन्न सह्या.

मोठ्या ऑफिसातून एक साहेब आला. तो विक्रीच्या खात्यातला, सूट घातलेला. त्याने गोदामातल्या सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं, ते शेवटचं रीळ मागवलं आणि खुन्याच्या नावाची जागा काढून उजेडावर धरली. तिथे एक जोड होता, आत्याच्या हातचा. मग त्याने विजयी मुद्रेने बोट ठेवलं.

"हे बघा. इथे घंटेचा आवाज सुरू झालाय, आणि शेजारच्या चित्रात याचं तोंड अजून मिटलेलं! मिशीला पीळ देतोय! म्हणजे मधला तुकडा गायब आहे. नाव त्यात होतं."

"साहेब," आत्या म्हणाली, "आवाज चित्राच्या शेजारी नसतोच. वीस चौकटी आधी असतो."

"म्हणजे?"

"मशीनमध्ये चित्राचा दिवा वर आणि आवाजाचा दिवा खाली. चित्र आधी वरच्या दिव्यासमोर येतं. त्या वेळी खालच्या दिव्यासमोर पुढे गेलेली फिल्म असते. म्हणून त्या चित्राचा आवाज सव्वा फूट आधीच छापतात. कुठलाही सिनेमा काढून बघा."

"म्हणजे सिनेमा बनवणाऱ्यांना चित्र आणि आवाज शेजारी-शेजारी ठेवता येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

सगळे हसले. साहेब विनोद करतो तेव्हा पोटासाठी हसावं लागतं, ते मला समजतं. पण शाखेचा मॅनेजर वीस वर्षं रिळांत काढलेला माणूस होता. आत्या बरोबर बोलतेय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला. त्या माणसाला मी कधी पाहिलेलं नाही, आणि ते त्याच्या दृष्टीने बरंच झालं.

आत्याने डबा आणला. पुडी उघडून दोन चौकटी साहेबासमोर ठेवल्या. "मी एवढंच कापलंय. एका सेकंदात चोवीस चौकटी जातात. दोन चौकटींत काय मावणार?"

"आणि बाकीच्या टोपलीत टाकल्या नसतील कशावरून?"

यावर आत्याने साहेबाला पाहुण्यांच्या माना दाखवल्या. घंटेनंतर दहाही पाहुणे दचकून वळतात, पण प्रत्येक जण वेगळ्याकडे बघतो. नाव घेतलं असतं तर सगळे एकाकडेच बघते ना? साहेबाने घड्याळ बघितलं.

दुसऱ्या दिवशी मेमो आला. निष्काळजीपणाने महत्त्वाचा भाग कापल्याबद्दल. मॅनेजरने तिला आत बोलावून समजावलं, "नजरचुकीने झालं असं दोन ओळींत लिहून द्या. साहेबांचा राग जाईल. पुढच्या महिन्यात मुख्य तपासनिसाची जागा निघतेय, ती तुमचीच आहे." आत्याने लिहून दिलं. त्याची कार्बन प्रत माझ्याकडे आहे, म्हणून जशीच्या तशी उतरवते.

"सदर ठिकाणी नाव नाही. घंटा आहे. तिचा आवाज सहा फूट, म्हणजे चार सेकंद टिकतो. मी तिथून दोन चौकटी कापल्या, त्या दाखवल्या आहेत. दोन चौकटींत कोणाचंही नाव मावत नाही. माझ्याकडून चूक झालेली नाही."

मुख्य तपासनिसाची जागा तिने स्वतः शिकवून तयार केलेल्या माणसाला मिळाली. त्याच्या हाताखाली आत्याने एकोणीस वर्षं काढली. तो भला होता, अडलं की तिलाच विचारायला यायचा, आणि तीही सांगायची. ती रोज साडेनऊला टेबलावर असायची. जोडाला दोनच चौकटी कापायची आणि पुड्या भरायची. मी तिची जागा घेतली असती तर पहिल्याच आठवड्यात डबा कोणाच्या तरी डोक्यात घातला असता. त्या एकोणीस वर्षांचा मला फार अभिमान वाटतो, तिच्या मेमोच्या उत्तराहूनही जास्त.

पण घराबाहेर आणि घरातही ती "खुन्याला वाचवणारी" झाली ती झालीच. तो सिनेमा थिएटरात जाऊन बघ, म्हणून तिला पुष्कळांनी सुचवलं. ती गेली नाही. "मी बसणार आणि माझा जोड उडतोय का तेवढंच बघणार. सिनेमा कुठला बघतेय!" मग ती प्रिंट झिजून संपली, कंपनी बंद झाली, आत्या निवृत्त झाली. सिनेमा जगात कुठेच मिळेना. मी नेटवर शोधला, तर त्याच्यावर लिहिणारे चार जण सापडले, आणि चौघांचे चार खुनी.

आणि यंदा वाचनालयाच्या फलकावर कागद लागला. फिल्म क्लबला त्या सिनेमाची नवी, स्वच्छ केलेली, मूळ लांबीची प्रत मिळाली होती. क्लबचे चिटणीस चष्म्याचं दुकान चालवतात, त्यांना सगळे चष्मेवालेच म्हणतात. शाळेत असताना त्या थिएटरात तेही ओरडले होते. त्यांनी ठळक अक्षरांत लिहिलं होतं, "रविवारी सकाळी दहा वाजता. संपूर्ण सिनेमा. खुन्याचं नाव अखेर ऐका!"

मी तडक त्यांच्या दुकानात गेले. "नाव आहे हे तुम्हाला काय माहीत? बघितलात?"

"अहो, बघून टाकला तर मजा काय? पण पूर्ण लांबीची प्रत आहे. नाव असणारच. बाईंनी ते..." एवढं बोलून त्यांची जीभ अडखळली, कारण माझा चेहरा त्यांना दिसला असावा.

मला वाटलं, आत्याला कळूच देऊ नये. पण गावात बातमी काय झाकून राहते? आत्या सत्त्याहत्तर वर्षांची, गुडघे दुखरे. संध्याकाळी तीच म्हणाली, "रविवारी मला घेऊन चल."

"मी आधी चष्मेवाल्यांकडून शेवट बघून येते."

"नको. परीक्षेला बसायचं तर पेपर आधी फोडायचा नाही."

"आणि नाव निघालं तर?"

आत्या बराच वेळ चिमटीत साडीची कड फिरवत राहिली. "तर मी बत्तीस वर्षं चुकीचं वाचत होते म्हणायचं," ती म्हणाली. "आणि ते मला कळायला हवं." मेमोचं दुःख तिला इतकं नव्हतंच, हे मला तेव्हा समजलं. तिची बोटं आणि तिचे डोळे खरे होते की नाही, एवढाच प्रश्न होता. आवाज तिने फक्त वाचला होता. ती घंटा तिने आयुष्यात एकदाही ऐकलेली नव्हती.

बाबाही निघाले. सकाळपासून त्यांनी एकही विनोद केला नव्हता, शर्ट दोनदा बदलला. वाचनालयाच्या सभागृहात पन्नास-साठ माणसं होती, बरीचशी पिकल्या केसांची. आम्ही मध्यावर बसलो, आत्या मधोमध. चष्मेवाल्यांनी छोटं भाषण ठोकलं आणि "त्रेचाळीस वर्षांचं गूढ" म्हणताना आमच्या रांगेकडे बघणं टाळलं.

सिनेमा अजून झकास होता, हे कबूल करते. भिंग, ठसे, तो बिचारा नोकर, सगळ्याला हशा पिकला. आत्या मात्र सिनेमा बघत नव्हती, तपासत होती. डावा हात मांडीवर आणि अंगठा-बोट चिमटीत जुळलेले. "आता रीळ बदलणार," असं ती मध्येच पुटपुटायची, आणि पडद्यावर खरंच नवा प्रसंग सुरू व्हायचा.

शेवट आला. दिवाणखाना, दहा पाहुणे. गुप्तहेराने मिशीला पीळ दिला. सभागृह पुढे झुकलं. मी आत्याकडे बघितलं, तर तिने डोळे मिटून घेतले होते.

"आणि खुनी आहे..."

घंटा वाजली. असली दणदणीत घंटा की खुर्चीची पाठ थरथरली. आत्याचे ओठ हलत होते. एक. दोन. तीन. मीही घड्याळावर नजर लावली होती. चार. आणि आवाज संपला, अगदी दिवा मालवल्यासारखा. दहा पाहुणे दहा दिशांना बघत होते.

सभागृहात कोणी हू की चू केलं नाही. आणि त्या शांततेत पडद्यावरच्या गुप्तहेराने रुमालाने कपाळ पुसलं आणि विचारलं, "सगळ्यांना नीट ऐकू आलं ना?"

"अगदी स्पष्ट!" दहाही पाहुणे एका सुरात म्हणाले आणि जेवायला निघून गेले. समाप्त.

एक क्षण गेला आणि सभागृह जे हसत सुटलं ते थांबेचना. हे शेवटचं वाक्य आमच्या गावात कधी कोणी ऐकलंच नव्हतं, कारण ते यायच्या वेळी प्रत्येक खेळाला सगळं थिएटर उभं राहून बोंबलत असायचं. विनोद होता तो! नाव नाही, हाच विनोद होता! चष्मेवाले डोळे पुसत आमच्याकडे आले आणि आत्यासमोर हात जोडून नुसते उभे राहिले. मला त्यांना बरंच काही सुनवायचं होतं, पण मी आत्याकडेच बघत राहिले. माझी आत्या! साऱ्या गावाला कानांनी जे ऐकू आलं नाही, ते हिने डोळ्यांनी वाचलं होतं. मी खुर्चीवर उभं राहून ओरडायचीच बाकी होते.

आत्याने डोळे उघडले. "चार?" तिने मला विचारलं.

"चार. बरोबर चार."

"हं," ती म्हणाली आणि पदर सारखा केला.

बाबा मात्र हसले नव्हते. माणसं पांगली तरी ते खुर्चीतच बसून होते. मग जमिनीकडे बघत म्हणाले, "ताई, त्या अर्जावर पहिली सही माझी होती."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. बाबा तेव्हा बावीस वर्षांचे. आठ दिवसांत तो सिनेमा त्यांनी पाच वेळा बघितला होता आणि अर्ज त्यांनीच लिहिला होता. तो ताईच्या टेबलावर जाऊन पडेल हे त्यांच्या डोक्यातच आलं नव्हतं. कळलं तेव्हा सांगायचं धैर्य झालं नाही, आणि मग थट्टेची सवय लागली. मी तोंड उघडणार, एवढ्यात आत्याने माझ्या हातावर हात ठेवला.

"माहीत आहे," ती म्हणाली.

बाबांनी मान वर केली.

"साहेबाने अर्ज माझ्यासमोरच टाकला होता. तुझी सही मला कळणार नाही? हात धरून मीच शिकवली होती तुला."

"मग बोलली का नाहीस? इतकी वर्षं मी तुला... घरी येऊन दोन थोबाडीत तरी द्यायच्यास!"

"का देऊ? तू काय लिहिलं होतंस? 'खुन्याचं नाव ऐकू आलं नाही.' ते खरंच होतं की. खोट्यावर सही केली असतीस तर दिल्या असत्या."

बाबांनी दोन्ही हातांनी चेहरा झाकला. मी बापाला असं रडताना पहिल्यांदाच बघत होते, आणि नेहमीचं भांडण कुठल्या कुठे गेलं होतं. थोड्या वेळाने त्यांनी माझ्यापुढे हात केला. "तो कागद आणलायस ना? आणि पेन दे."

कार्बन प्रत माझ्या पर्समध्ये होती, पुरावा म्हणून आणलेली. बाबांनी ती मांडीवर पसरली. आत्याच्या "माझ्याकडून चूक झालेली नाही" या ओळीखाली त्यांनी लिहिलं, "चार सेकंद. मी ऐकले." तारीख घातली आणि सावकाश, एकेक अक्षर जपून सही केली.

आत्याने कागद हातात घेतला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळ्यांजवळ नेऊन बघितला.

"अजून वाकडीच काढतोस," ती म्हणाली, आणि कागदाची घडी घालून पहिल्यांदाच तो माझ्याकडे न देता स्वतःच्या पिशवीत ठेवला.